मुरुमांवर गर्भनिरोधक गोळी : कोणी घ्यावी, कोणी नाही

फेसवॉश मेडिकलवाला काउंटरवर सरळ ठेवतो. त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलेलं एकवीस गोळ्यांचं पाकीट मात्र वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, वर रबर लावून हातात येतं. घेणारी मुलगी वीस-एकवीस वर्षांची असली तर ते घरी कपाटात कपड्यांच्या थप्पीखाली जातं. पाकिटावर ‘गर्भनिरोधक’ असं छापलेलं असतं आणि आईला काय सांगायचं हा प्रश्न पिंपल्सपेक्षा मोठा होऊन बसतो. दुसरीकडे, मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटाचा मोबाइलवर फोटो दाखवून तीच गोळी चिठ्ठीशिवाय आणणाऱ्याही कमी नाहीत. एकीला नको इतकी धास्ती, दुसरीला नको इतका बिनधास्तपणा. दोघींशीही डॉक्टरांनी दहा मिनिटं नीट बोलायला हवं होतं, ते राहून गेलेलं असतं.

त्या दहा मिनिटांत काय बोललं जायला हवं, ते इथे मांडते. माझं मत आधीच सांगून टाकते. संयुक्त गर्भनिरोधक गोळी हा बायकांच्या मुरुमांवरचा चांगला, तपासून पाहिलेला उपचार आहे. पण कोणती गोळी घ्यायची यापेक्षा ती कोण घेतंय याला जास्त महत्त्व आहे. गोळ्या एकमेकींच्या पुष्कळ जवळच्या आहेत. घेणाऱ्या बायका तशा नाहीत.

कोणते मुरुम या गोळीचे

सगळ्याच मुरुमांना ही गोळी लागत नाही. शाळा-कॉलेजच्या वयात कपाळावर, नाकावर येणाऱ्या बारीक काळ्या-पांढऱ्या पुळ्या ॲडापॅलिन, बेंझॉइल परॉक्साइड यांसारख्या मलमांनी दोन-तीन महिन्यांत बऱ्याच आटोक्यात येतात. अट एकच, मलम रोज आणि सगळ्या चेहऱ्यावर लावायचं. नुसत्या पुळीवर ठिपका देऊन भागत नाही. पहिली पाळी येऊन दोन वर्षंही झाली नसतील अशा मुलीला तर गोळी सहसा देतच नाहीत, कारण त्या वयात हाडं भरत असतात.

गोळीचा विचार होतो तो वेगळ्या प्रकारच्या मुरुमांसाठी. विशी-पंचविशी उलटली तरी मुरुम थांबायचं नाव घेत नाहीत. ते जबड्याच्या कडेनं, हनुवटीवर, कानाखाली मानेपर्यंत येतात. वर तोंड न धरता आत गाठीसारखे बसतात, उशीला गाल टेकला तरी ठणकतात. पाळीच्या आठवडाभर आधी हटकून उसळतात. आणि प्रत्येक गाठ विरल्यावर मागे काळा डाग ठेवतात, जो महिनोन्‌महिने हलत नाही. गव्हाळ-सावळ्या त्वचेला मुरुमापेक्षा हा डागच जास्त छळतो. म्हणून एक गोष्ट आत्ताच समजून घ्या: गोळीनं नवे मुरुम कमी होतात. जुने डाग आणि खड्डे तिच्यानं जात नाहीत, त्यांचा उपचार वेगळा.

डागांवरून आठवलं. चेहरा उजळ करणारं म्हणून मेडिकलमधून जे मलम सर्रास आणलं जातं, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते लावून चार दिवस चेहरा छान दिसतो आणि मग पुळ्यांचा लोट येतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, याविरुद्ध कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडते आहे. असं मलम लावत असाल तर ती ट्यूब पर्समध्ये घालून डॉक्टरांकडे न्या. त्या पुळ्यांवर हार्मोनची गोळी घेणं म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच.

मुरुमांबरोबर आणखी काही दिसत असेल तर आधी तपासणी, मग गोळी. पाळी पस्तीस दिवसांहून जास्त लांबणं, वर्षात आठपेक्षा कमी वेळा येणं, हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर जाड केस, भांग रुंद होत जाणं, मानेच्या घडीत काळपट मखमली थर, ही पीसीओडीची चिन्हं असू शकतात. पीसीओएस म्हणतात ते हेच. अशा वेळी टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि गरज वाटली तर सोनोग्राफी, हे सगळं गोळी सुरू करण्याआधी उरकून घ्यावं. गोळी चालू असताना केलेले हार्मोनचे रिपोर्ट फसवे येतात. नंतर तपासायचं ठरलं तर गोळी काही महिने थांबवावी लागते. हा क्रम चुकल्यामुळे दोन-तीन वर्षं औषध घेऊनही मूळ दुखणं काय होतं हे कळलेलंच नाही, अशी वेळ पुष्कळजणींवर येते.

आता उलटा प्रश्न. ‘माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला हार्मोनची गोळी कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्वचेत आहे. ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ते अँड्रोजेन प्रत्येक बाईच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत तयार होतातच. चेहऱ्याच्या तेलग्रंथी त्यांच्या हुकमावर तेल सोडतात. काही बायकांच्या ग्रंथी मुळातच हलक्या कानाच्या. रक्तात अँड्रोजेन नेमस्त असलं तरी त्या भराभर तेल ओततात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात, सूज येते. गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोनं असतात. ती मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबवतात, त्यामुळे तिथलं अँड्रोजेन कमी तयार होतं. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं, जे रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. ग्रंथींपर्यंत पोचणारा हुकूम असा दोन्हीकडून क्षीण होतो.

याला पुरावा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मुरुमांसाठी पहिली संयुक्त गोळी १९९७ मध्ये मंजूर केली. कॉक्रेन या संस्थेनं २०१२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि १२,५७९ बायका होत्या. खोट्या गोळीपेक्षा खरी गोळी घेणाऱ्यांचे मुरुम स्पष्टपणे कमी झाले. मात्र निरनिराळ्या गोळ्या एकमेकींसमोर ठेवल्या तेव्हा फरक थोडाच निघाला. २०१४ च्या आणखी एका अभ्यासात तोंडानं घ्यायच्या अँटिबायोटिकशी तुलना झाली. तीन महिन्यांना अँटिबायोटिक पुढे होतं, सहा महिन्यांना दोन्ही सारखेच. म्हणजे गोळी सावकाश चालते, पण मागे राहत नाही. आणि अँटिबायोटिक तर तीन-चार महिन्यांपलीकडे चालू ठेवायचं नसतं.

पाकिटामागचं वाचायचं

नावं कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे पाकीट उलटं करून बारीक अक्षरांतले घटक बघायची सवय लावा. पहिला घटक बहुतेक वेळा एथिनिल एस्ट्राडायॉल, २० ते ३५ मायक्रोग्रॅम. दुसरा असतो प्रोजेस्टिन, आणि गोळ्यांमधला फरक त्याच्यापाशी आहे.

सायप्रोटेरॉन ॲसिटेट असलेली गोळी आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. ‘पस्तीसवाली गोळी’ म्हणून ती ओळखली जाते. अँड्रोजेनला थेट विरोध करणारी, म्हणून गुणही चांगला. पण तिची एक कहाणी प्रत्येकीला ठाऊक हवी. फ्रान्सनं २०१३ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांमुळे झालेल्या मृत्यूंच्या नोंदी पाहून ही गोळी विक्रीतून थांबवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी युरोपच्या औषध संस्थेनं फेरतपासणी केली आणि गोळी ठेवली, पण कुंपण घालून: मध्यम ते तीव्र, अँड्रोजेनशी संबंधित मुरुमांसाठी किंवा नको त्या जागी वाढलेल्या केसांसाठीच, मुरुम असतील तर मलमं आणि अँटिबायोटिक यांनी भागलं नाही तरच, आणि नुसत्या गर्भनिरोधनासाठी कधीच नाही. दोन-चार फुटकुळ्यांसाठी पहिल्याच भेटीत ही गोळी लिहून मिळाली तर ‘दुसरं काही आधी करून पाहायचं का?’ असं विचारण्यात काही गैर नाही. मेंदूच्या आवरणाची मेनिंजिओमा ही गाठ कधी झाली असेल तर सायप्रोटेरॉन वर्ज्य.

ड्रॉस्पिरेनॉन हा दुसरा लोकप्रिय घटक. तो स्पायरोनोलॅक्टोन या औषधाच्या कुळातला, त्यामुळे अंगात पाणी धरल्यासारखं कमी वाटतं. मात्र तो पोटॅशियम वाढवू शकतो. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, बीपीची काही ठरावीक औषधं चालू असतील किंवा सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेत असाल, तर हे आधी सांगा.

आणि माला-डी? सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती माला-एन? त्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ३० मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्राडायॉल असतं. शेवटच्या सात गोळ्या नुसत्या लोहाच्या. लेव्होनॉर्जेस्ट्रेल स्वभावानं थोडं अँड्रोजेनच्या बाजूचं, म्हणून मुरुमांसाठी हिला कोणी विचारत नाही. तरी जोडीच्या इस्ट्रोजेनमुळे अशा मिश्रणानंही मुरुम कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे, आणि गुठळीचा धोका या प्रकारात सर्वांत कमी. साध्या मुरुमांबरोबर गर्भनिरोधनही हवं असलेल्या बाईसाठी ही स्वस्त गोळी मला तरी उपेक्षिलेली वाटते.

गर्भनिरोधक म्हणजे सगळं एकच, असं मात्र समजू नका. ज्यांत इस्ट्रोजेन नाही, नुसतं प्रोजेस्टिन आहे, ती साधनं मुरुम वाढवू शकतात. दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी साधनं, दंडात बसवायची कांडी, बाळंतिणींना देतात ती मिनी-पिल, ही सगळी त्यांत आली. अंतरा सुरू केल्यावर चेहरा बिघडला असेल तर तो तुमचा भ्रम नाही, जिथे घेतलं तिथे सांगा. साध्या तांब्याच्या कॉपर-टीत हार्मोन नसतं, तिचा मुरुमांशी संबंध नाही. ‘छाया’ ही आठवड्याची गोळीही वेगळ्या जातीची, मुरुमांवर तिचा उपयोग नाही. संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी तर मुरुमांवरचा उपचार मुळीच नाही.

ही चाळणी आधी लावा

पुढचे प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवेत. ओपीडीच्या गर्दीत ते राहिले तर तुम्ही आपणहून सांगा. त्यांतल्या काहींचं उत्तर ‘हो’ असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही, मग मैत्रिणीला कितीही गुण येवो.

पायाच्या खोल शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी कधी झाली आहे का? आई, वडील, सख्खी भावंडं यांपैकी कोणाला पन्नाशीच्या आत झाली का? हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार? ल्युपस, किंवा रक्त गोठण्याचा काही दोष? बीपी किती? वय पस्तिशीपुढे आणि सिगारेट चालू? मशेरी लावत असाल किंवा तंबाखू खात असाल तर तेही लपवू नका. बाळंतपणाला किती आठवडे झाले? अंगावर पाजत असाल तर पहिले सहा आठवडे ही गोळी अजिबात नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत टाळलेली बरी. मोठं ऑपरेशन ठरलंय का? त्याआधी साधारण चार आठवडे गोळी बंद करावी लागते.

एक प्रश्न हमखास सुटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. तुमची अर्धशिशी कोणत्या प्रकारची? नुसती डोकेदुखी वेगळी. पण काहीजणींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमणारी नागमोडी रेघ दिसू लागते, ती हळूहळू पसरते, वाचताना शब्दाचा अर्धा भाग दिसेनासा होतो, कधी बोटांपासून मुंग्या वर चढतात. वीस मिनिटं ते तासाभरात हे ओसरतं आणि मग डोकं ठणकायला लागतं. याला ऑरा असलेली मायग्रेन म्हणतात. अशा बाईला इस्ट्रोजेनची गोळी दिली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तिच्यासाठी ही गोळी पूर्ण निषिद्ध आहे. पित्तानं डोकं चढतं असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. डॉक्टरांना सांगताना ‘पित्त’ म्हणू नका, काय दिसतं ते सांगा.

चालू औषधांची यादीही दाखवा. टीबीसाठीचं रिफाम्पिसिन गोळीचा परिणाम पार घालवतं, आणि ते बंद झाल्यावरही महिनाभर गोळी निकामीच राहते. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधंही तेच करतात. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे, गोळीमुळे त्याचंच रक्तातलं प्रमाण घसरतं आणि फिट येऊ शकते. मुरुमांसाठी देतात ते डॉक्सिसायक्लिन मात्र गोळीबरोबर चालतं.

गोळीआधी पोटाची किंवा आतली तपासणी सक्तीची नाही. बीपी मोजणं सक्तीचं आहे. दंडाला पट्टा न गुंडाळता ही गोळी लिहून मिळाली तर तिथल्या तिथे ‘बीपी बघता का?’ एवढं म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे.

गुठळीची भीती किती धरायची

आकडे पाहिल्याशिवाय हे ठरत नाही. युरोपच्या औषध संस्थेच्या हिशोबानं, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० तरुण बायकांपैकी वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७. ड्रॉस्पिरेनॉन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्यांत ९ ते १२. सायप्रोटेरॉनचा धोका लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या दीड ते दोन पट. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका या सगळ्यांपेक्षा जास्त असतो.

म्हणजे धोका खरा आहे, पण वरची चाळणी नीट लावली तर बहुतेक तरुण, निरोगी बायकांसाठी तो लहान राहतो. तो सर्वांत जास्त असतो पहिल्या वर्षात, आणि चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केल्यावर. इथेच आपल्याकडची एक लाडकी समजूत घात करते. ‘तीन महिने घेतली, आता दोन महिने शरीराला विश्रांती’ या पद्धतीनं विश्रांती कसलीच मिळत नाही. दर वेळी सुरुवातीचा जास्त धोका नव्यानं अंगावर घेतला जातो. घ्यायची तर सलग घ्या, नको असेल तर डॉक्टरांशी बोलून सोडा.

एका पायाच्या पोटरीत अचानक दुखून सूज येणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं, पूर्वी कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, दिसण्यात किंवा बोलण्यात एकाएकी फरक, पोटात तीव्र कळ, यांपैकी काहीही झालं तर गोळी थांबवून थेट हॉस्पिटल गाठा आणि आपण ही गोळी घेतो हे पहिल्या वाक्यात सांगा. लाजेपोटी ते लपवलं तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतात.

कर्करोगाचाही प्रश्न येतोच. डेन्मार्कमधल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात, हार्मोनचं गर्भनिरोधक वर्षभर वापरणाऱ्या सुमारे ७,६९० बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाचा एक जास्तीचा रुग्ण आढळला. दुसऱ्या बाजूला, अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळीनं कमी होतो. वजन मात्र उगाच बदनाम आहे. गोळीनं ते फार वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

सहा महिने कसे काढायचे

पाळीच्या पहिल्या दिवशी, फार तर पहिल्या पाच दिवसांत सुरुवात करावी. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. दात घासायच्या ब्रशजवळ पाकीट ठेवलं तर विसरत नाही. पाकिटावर वारांची नावं आणि बाण असतात, त्या क्रमानं जायचं. एकवीस गोळ्या संपल्या की सात दिवसांचा खंड, त्यात रक्तस्राव होतो, आठव्या दिवशी नवं पाकीट. त्या दिवशी रक्तस्राव थांबला नसला तरीही.

पहिल्या महिन्यात मळमळ, छाती हुळहुळणं, अधूनमधून डाग दिसणं हे चालायचंच, तीन महिन्यांत बहुधा निवळतं. मुरुम सुरुवातीला थोडे वाढूही शकतात. नेमक्या याच वेळी, दुसरं पाकीट संपता संपता, ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडली जाते. फरक तिसऱ्या महिन्यापासून दिसायला लागतो आणि निर्णय सहाव्या महिन्यात घ्यायचा असतो. रोज आरशात जवळून बघून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, दोन्ही गालांचा आणि हनुवटीचा फोटो काढा. तारखेनुसार लावून बघाल तेव्हा खरा हिशोब समोर येईल. मलम चालूच ठेवायचं, गोळी त्याच्या जोडीला असते.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक वांग. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे गालांवर, कपाळावर, ओठावर तपकिरी वांग येऊ शकतो आणि आपल्या त्वचेत तो चिवट असतो. मुरुम गेले आणि वांग बसला, तर कमावलं काय? सनस्क्रीन ढगाळ दिवसातही लावा. गरोदरपणात वांग आला होता का, हे डॉक्टरांना सांगा. दुसरं मन. सतत उदास, चिडचिडं वाटू लागलं तर ‘हार्मोन आहेत, चालायचंच’ म्हणून गिळू नका.

एक गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन किंवा जास्त राहिल्या तर घेणं पुन्हा सुरू करा आणि संबंध येत असतील तर सात दिवस कंडोम वापरा. गोळी लैंगिक संसर्गापासून वाचवत नाही, हे वेगळं सांगायला नको. तीन महिन्यांनी बीपी पुन्हा मोजा.

शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्या मुलींनी नाव नव्हे, घटक आणि त्यांचं प्रमाण लिहून न्यावं. तिकडे तीच गोळी वेगळ्या नावानं मिळते.

गौरी-गणपतीचा प्रश्न

घरात गौरी बसायच्या आणि तारीख नेमकी तेव्हाच, मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात. पाळी आड येते ही समजूत बरोबर की चूक, यात इथे शिरत नाही. गोळ्या घेतल्या जातात ही वस्तुस्थिती आहे. त्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं, दिवसाला दोन-तीन गोळ्या. हे प्रोजेस्टिन मुरुम उसळवू शकतं, आणि त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे ज्यांना गुठळीचा धोका आहे त्यांच्यासाठी या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत.

तुमची संयुक्त गोळी चालू असेल तर याची गरजच नाही. एकवीस गोळ्या संपल्या की सात दिवस न थांबता दुसऱ्या दिवशी नवं पाकीट सुरू करायचं. माला-डीसारख्या पाकिटात लोहाच्या सात गोळ्या सोडून पुढच्या पाकिटावर जायचं. पाळी त्या महिन्यात येणार नाही, फार तर थोडे डाग दिसतील. वर आणखी नॉरएथिस्टेरॉन घेऊ नका. पाकीट एक जास्तीचं लागेल, ते आधी आणून ठेवा. सणाच्या गर्दीत हवं तेच संपलेलं असतं.

गोळी चालत नसेल तर

दरवाजे बंद होत नाहीत. स्पायरोनोलॅक्टोन हे मूळचं बीपीचं औषध कमी मात्रेत बायकांच्या मुरुमांवर दिलं जातं. ब्रिटनमध्ये ४१० बायकांवर केलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. त्यात इस्ट्रोजेन नसल्यानं मायग्रेनवाल्या किंवा पस्तिशीपुढच्या बायकांना त्याचा विचार करता येतो. पण ते चालू असताना गर्भ राहून चालत नाही, मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

खोल, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. त्यानं गर्भात गंभीर व्यंग येतं, म्हणून सुरू करण्याआधी एक महिना, चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना गर्भनिरोधन काटेकोर हवं. लग्न ठरलेल्या मुलीनं हे औषध घेताना लग्नाची तारीख डॉक्टरांना सांगणं अतिशय गरजेचं आहे. पुष्कळदा मुलगी लाजते आणि डॉक्टर विचारत नाहीत.

आयांशीही जरा बोलते. मुलीच्या कप्प्यात हे पाकीट सापडलं तर पहिलं वाक्य ‘अगं, लग्न व्हायचंय तुझं!’ हे नसावं. या गोळीनं पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. सोडल्यावर बीज तयार होण्याचं चक्र सहसा एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होतं. पाळी आधीच अनियमित असेल तर गोळी सुटल्यावर ती पुन्हा अनियमित होते, आणि दोष गोळीच्या माथी येतो. विचारायचंच असेल तर ‘बीपी तपासलं का गं?’ हे विचारा.

सोडताना

चेहरा सहा महिने ते वर्षभर स्वच्छ राहिला की सोडण्याचा विचार करता येतो. पाकीट पूर्ण करून थांबायचं, मध्येच नाही. काहीजणींचे मुरुम दोन-चार महिन्यांत परत येतात, त्यामुळे मलम गोळीबरोबर बंद करू नका, तेच पुढे राखण करतं. गोळी थांबल्यापासून तीन महिन्यांत पाळी आली नाही तर घरी गरोदरपणाची चाचणी करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

मूल हवं म्हणून सोडत असाल तर चेहऱ्याची सगळीच औषधं एका पिशवीत घालून दाखवायला न्या. ॲडापॅलिन आणि स्पायरोनोलॅक्टोन आधीच थांबवायला हवीत. ॲझेलेइक ॲसिड आणि बेंझॉइल परॉक्साइड गरोदरपणातही सहसा चालतात. फॉलिक ॲसिडची गोळी त्याच भेटीत लिहून घ्या.